मॅडमना घेऊन या

"सर, एक काम करा ना, मॅडमना घेऊन या एकदा. मग फायनल करू."

हे वाक्य शनिवारी भर शोरूममध्ये मला ऐकवण्यात आलं आणि आज मंगळवार उजाडला तरी डोक्यातून जात नाहीये. मी गेलो होतो किचनच्या सिंकसाठी नळ घ्यायला. तो नवीन प्रकार असतो बघा, तोंड धरून ओढलं की मागून पाईप बाहेर येतो आणि सिंकच्या चारी कोपऱ्यांत फिरवता येतो, पुल-आउट मिक्सर म्हणतात त्याला, मिक्सर म्हणजे गरम आणि गार पाणी एकत्र करून सोडणारा नळ. आमच्याकडे रात्रीची भांडी मी घासतो. यात मी फार मोठं काही करतोय अशातला भाग नाही, सकाळची भांडी मावशी घासतात, स्वयंपाक बायको करते, मग उरलं ते माझ्या वाट्याला आलं, इतका साधा हिशोब. पण त्यामुळे त्या सिंकपाशी कंबर वाकवून उभं राहण्याचा, कुकरचं भांडं तिरकं धरून तळाला चिकटलेला भात निघतोय का ते बघण्याचा आणि टी-शर्टच्या पोटावर ओला पट्टा घेऊन झोपायला जाण्याचा अनुभव घरात कोणाला असेल तर तो मला आणि मावशींना. मॅडमना नाही. मॅडम सिंकपाशी येतात त्या चहाचा कप ठेवायला, तोही न विसळता.

शोरूममधला पोरगा तसा चांगला होता, म्हणजे उत्साही होता. भिंतभर नळ लावलेले, क्रोम, काळे, सोनेरी, एक तर तांब्याच्या रंगाचा, आणि गंमत अशी की एवढ्या नळांत एकाही नळाला पाणी नाही. चप्पल घ्यायला गेलो तर पायात घालून चार पावलं चालून बघता येतं, इथे नऊ-दहा हजारांचा नळ घ्यायचा आणि तो कोरडाच बघायचा. यावर पोराने काढलेला तोडगा म्हणजे तो पाण्याचे आवाज तोंडाने काढायचा. खरंच. "सर, याला तीन मोड आहेत. हा फोम फ्लो, फ्शशश... हा शॉवर, फुर्रर्र... आणि हा जेट, झ्झ्झूऊऊ." आणि मधे मधे नळाचं तोंड ओढून सोडून द्यायचा, ते टक्कन जागेवर जाऊन बसायचं. "मॅग्नेटिक डॉकिंग सर. टक्. बघा. टक्." एकदा बघितलं, दोनदा बघितलं, पण तो थांबेचना.

तेवढ्यात मागून आवाज आला. "जेटचा आवाज असा नसतो."

वळून बघितलं तर डिस्प्लेला ठेवलेल्या कमोडवर, झाकण लावून, मांडीवर कापडी पिशवी घेऊन एक काका अगदी आरामात बसले होते. ते आले होते अर्ध्या इंची नळाचा वायसर घ्यायला. असल्या एसी शोरूममध्ये वायसर मिळत नसतो, पण काकांनी ते मान्य करायला नकार दिला होता, त्यामुळे मालकाने नाइलाजाने एका पोराला शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानात पिटाळलं होतं आणि तो येईपर्यंत काका आसनस्थ. शोरूमवाल्यांनी एक खुर्ची ठेवली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं असं मला अजूनही वाटतं.

"जेट म्हणजे स्स्स्स," काका म्हणाले, "त्यात झ नाही येत."

पोराने आज्ञाधारकपणे स्स्स्स केलं. काकांनी मान हलवली आणि मोर्चा माझ्याकडे वळवला.

"भांडी कोण घासतं तुमच्याकडे?"

"मी."

"तसं नाही, रोज."

"रोज मीच."

"बाई नाही ठेवली?"

"आहे, सकाळी येतात मावशी."

"मग नळ कसला पाहिजे ते तिला विचारा की! तुम्ही आम्ही काय सांगणार?"

आता राग याचा येतो की हे शहाणपणाचं होतं. आणि मी विचारलंही होतं. मावशींचं मागणं एका वाक्याचं होतं, "मोठ्या पातेल्याच्या बुडापर्यंत पाणी गेलं पाहिजे दादा, बाकी नळ तुमचा कसला पण असू द्या." आख्ख्या कॅटलॉगमध्ये हे एक वाक्य कुठे सापडलं नाही. तिथे होतं 'कुलिनरी एक्स्पिरियन्स'.

मी काकांकडे दुर्लक्ष करून नळ हातात घेऊन बघायला लागलो. बॉडी पितळेची, चांगली जड, पण जे तोंड आपण ओढणार ते हलकं, प्लास्टिकचं. विचारलं तर पोरगा म्हणाला, "एबीएस आहे सर, हेल्मेटला पण हेच मटेरियल असतं." तोंड हलकं असलं की हात भरून येत नाही हे मलाही पटतं, पण नऊ हजार मोजल्यावर हातात जे येणार तेवढंच नेमकं प्लास्टिकचं हे जरा लागतंच. "जामनगरचं पितळ का?" काकांनी बसल्या जागेवरून विचारलं. देशातला बराचसा पितळी माल जामनगरला होतो हे त्यांना ठाऊक होतं, पोराला नव्हतं. त्याने "नाही काका, जर्मन टेक्नॉलॉजी" असं सांगितलं आणि काकांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. म्हणजे आता आम्ही एका पार्टीत होतो.

"मजला कितवा?"

"सातवा."

"आणि बिल्डिंग किती मजली?"

"सातच."

काका इतके प्रसन्न हसले की मला वाटलं वायसर आला. "मग संपलंच की हो!" म्हणाले. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळे पाण्याचा दाब हा त्यांचा घरचा विषय. त्यांनी तिथेच तास घेतला. पाण्याची उंची दहा मीटर असेल तेव्हा दाब साधारण एक बार. आता तुमची टाकी गच्चीवर, तुमचा नळ लगेच खाली, मधे उंची किती, साडेतीन मीटर धरा, म्हणजे दाब शून्य पॉइंट तीन पाच. "आणि खोक्यावर काय लिहिलंय ते वाच रे जरा मोठ्याने." पोराने खोकं फिरवून फिरवून बारीक अक्षर शोधलं आणि पडलेल्या आवाजात वाचलं, किमान दाब शून्य पॉइंट पाच बार. "म्हणजे पहिल्या मजल्यावरच्याकडे स्स्स्स," काकांनी निकाल दिला, "आणि यांच्याकडे ठिबक सिंचन."

पोरगा म्हणाला प्रेशर पंप बसवा ना सर, आमच्याकडे आहे. अर्थात त्यांच्याकडे असणारच.

पुण्यात सत्तरीच्या माणसासमोर पाण्याचा विषय निघाला की तो पानशेतला जाऊनच थांबतो. काका निघाले. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, मी तेव्हा दुसरीत, नारायण पेठेत आमचा वाडा, पाणी चढत चढत माडीपर्यंत आलं, लकडी पूल दिसेनासा झाला, आजीने देव तेवढे पदरात घेतले. काका सांगत होते छान, मी नळ हातात धरून ऐकत उभा, बाथटब बघायला आलेलं एक जोडपंही थांबलं. काकांचा आवाज जरा ओला झाला, आणि त्या शांततेत आमचा सेल्समन, ज्याचा जन्म बहुतेक २००० नंतरचा, अगदी निरागसपणे म्हणाला, "म्हणजे तेव्हा प्रेशर चांगलं होतं ना काका?"

काका पुढे काही वेळ काहीच बोलले नाहीत. वायसर आला तो त्याच वेळी.

पण ते उठले मात्र नाहीत, कारण माझी मुख्य बेअब्रू अजून व्हायची होती. मी पोराला विचारलं की याची लिव्हर मागे पडते की बाजूला, कारण आमच्या सिंकच्या मागे भिंत फक्त चार बोटांवर आहे, मागे पडणारी लिव्हर टाइल्सला आपटेल. आणि मान किती उंच, कारण वर खिडकी आहे, सरकती काच आहे. शिवाय आमचा जुना नळ भिंतीतून आलेला, हा ओट्यातून येणार, म्हणजे ग्रॅनाइटला पस्तीस मिलिमीटरचं होल मारावं लागेल, ते सिंकच्या कडेपासून किती लांब घ्यायचं? मला तर हे प्रश्न चांगले वाटले होते. पोराला यातल्या एकाचंही उत्तर येत नव्हतं आणि उत्तर येत नसलं की काय म्हणायचं याचं बहुतेक ट्रेनिंगच असतं, तेव्हा तो म्हणाला, मॅडमना घेऊन या.

मी म्हटलं, का?

"नाही म्हणजे सर, किचनचं जेंट्सला एवढं लक्षात येत नाही ना."

आत्ता हाच पोरगा मला पाणी तोंडाने वाहून दाखवत होता. मी लिव्हरच्या कोनाबद्दल बोलतोय आणि मला किचनमधलं कळत नाही. चिडून मी बायकोला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "अरे तुझा नळ आहे, मला काय विचारतोस? आणि येताना कोथिंबीर आण." मी विजयी मुद्रेने बघितलं, तर पोरगा वाकून फोनमध्ये बोलला, "मॅडम, क्रोम देऊ का मॅट ब्लॅक?" ती सहज म्हणून गेली, "काळा छान दिसतो ना." झालं. पोराने बिलावर मॅट ब्लॅक लिहायला घेतलं. आमच्याकडे उन्हाळ्यात अर्धं पाणी टँकरचं, बोअरचं, क्षार इतके की स्टीलच्या पेल्यावर पांढरी वर्तुळं उठतात, काळ्या नळावर ते पांढरे डाग कसे दिसतील आणि ते व्हिनेगरने पुसत कोण बसेल हे मला माहीत, पण ऑर्डर मॅडमची झाली होती. शेवटी भांडून क्रोम घेतला. तरी डिलिव्हरीसाठी नंबर देताना पोराने विचारलंच, मॅडमचा नंबर देता का.

वॉरंटी कार्ड घरी येऊन वाचलं. दहा वर्षं. फक्त हार्ड वॉटरमुळे काही बिघडलं तर लागू नाही. हे मला विनोदी वगैरे वाटत नाही. ज्या शहराच्या निम्म्या उपनगरांना टँकर लागतो, जिथे दर काही दिवसांनी 'गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने' ही बातमी येते, तिथे नळ विकायचा आणि अट घालायची की पाणी चांगलं असलं पाहिजे! एमआरपी फुगवून त्यावर पस्तीस टक्के डिस्काउंट द्यायचा, आणि वर उपकार केल्याचा चेहरा. जीएसटी अठरा टक्के, तो मात्र कडक.

आणि मिक्सर कशासाठी? आमच्या ओट्याला गरम पाण्याची लाईनच नाही. नुसत्या गार पाण्याचे पुल-आउट मिळतात, पण त्या दुकानात नव्हते. रविवारी प्लंबर आला, त्याने टी टाकून दोन्ही पाईप एकाच अँगल कॉकला जोडून दिले. आता लिव्हर लाल खुणेकडे फिरवा नाहीतर निळ्या, पाणी तेच. अल मोएन नावाच्या अमेरिकन माणसाचा १९३७ साली जुन्या दोन चाव्यांच्या नळाखाली हात भाजला, म्हणून त्याच्या डोक्यात एका दांड्याचा नळ आला, १९४७ साली तो विकायलाही लागला. त्या माणसाचं दुःख गरम पाणी जास्त आल्याचं होतं. त्याच्या दुःखावरचा उपाय मी नऊ हजारांना आणून गार पाण्यावर चालवतोय.

प्लंबरने ग्रॅनाइटच्या होलचे वेगळे पैसे घेतले. खाली सिंकच्या कपाटात पाईपला एक वजन लटकवलेलं असतं, तोंड सोडलं की त्या वजनाने पाईप आपोआप आत जातो. ते वजन आमच्या कांद्या-बटाट्याच्या टोपलीत अडकतं. टोपली हलवली तर कचऱ्याच्या डब्यावर बसतं. प्लंबर म्हणाला, "साहेब, या नळाला खाली कपाट रिकामं लागतं." मी म्हटलं, कुठल्या घरात असतं? तो म्हणाला, सॅम्पल फ्लॅटमध्ये.

पाणी मात्र येतं, काकांच्या भाकितापेक्षा जरा बरं. शॉवर मोडला ठिबकच आहे, पण फोमला चालून जातं.

सोमवारी मावशी आल्या. मी उगाचच किचनच्या दारात घुटमळत उभा. त्यांनी काही न विचारता नळाचं तोंड उपसलं, मोठं पातेलं सिंकमध्ये उभं केलं, पाईप आत घालून बुडापर्यंत फिरवला, खळखळून पाणी टाकलं आणि म्हणाल्या, "हां, हे बरंय." भांडी झाल्यावर नळ बंद केला आणि तोंड तसंच सिंकमध्ये लोंबकळत ठेवून गेल्या. मी ते उचलून जागेवर लावलं, टक्. आज परत लोंबकळत. सांगून बघितलं की मावशी, सोडलं की आपोआप बसतं ते, लोहचुंबक आहे आत, त्याचेच पैसे आहेत. त्या म्हणाल्या, "पुन्हा काढायचंच आहे ना दादा, मग घालायचं कशाला? आणि पाईप अजून वीतभर लांब नव्हता का मिळत, बाल्कनीतल्या कुंड्यांना पण पाणी घातलं असतं."