अंड्याला घाबरलात? मग दुकान बदला

दर दोन-चार वर्षांनी आपल्याकडे अंड्याला काहीतरी होतं. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, 2017 मध्ये अंडी प्लास्टिकची झाली, 2020 मध्ये कोंबडीला करोना झाला (तिला नव्हता, आपल्या मोबाइलला होता), 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात परत बर्ड फ्लू, आणि डिसेंबर 2025 मध्ये अंड्यात नायट्रोफ्युरान नावाचं प्रतिजैविक निघालं, म्हणजे कॅन्सरची भीती. अशा वेळी जागरूक ग्राहकाने काय करावं, याचा आमच्या सोसायटीने फार सखोल अभ्यास केला आहे. तो ज्ञानाचा साठा आमच्याच ग्रुपवर सडू नये म्हणून तुम्हालाही देतो.

सर्वांत आधी, बातमी पूर्ण वाचू नका. वाचलीत तर कळेल की डिसेंबरातला गोंधळ एका पॅकबंद, महागड्या ब्रँडवरून सुरू झाला होता. मग कोपऱ्यावरच्या सुट्या अंडीवाल्याकडे जाणं बंद कसं करणार? पुढे वाचलंत तर आणखी पंचाईत. नायट्रोफ्युरानवर कोंबडीपालनात बंदीच आहे. किलोला 1 मायक्रोग्रॅम हा जो आकडा फिरत होता, तो प्रयोगशाळेला खात्रीने पकडता येईल असा कमीत कमी अंश आहे, तेवढं औषध वापरायची मुभा नव्हे. आणि एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अंडी खायला सुरक्षित आहेत असं त्याच महिन्यात सांगून टाकलं. हे सगळं वाचण्यात पाच मिनिटं जातात. तेवढ्यात चार ग्रुपवर फॉरवर्ड होतं.

अंडं पाण्यात सोडून कॅन्सर तपासा. बुडालं तर सुरक्षित, तरंगलं तर विषारी. पाण्याला फक्त अंडं शिळं आहे की ताजं एवढंच कळतं, पण पाण्याला कोण विचारतो?

कडकनाथचं काळंभोर अंडं कुणी विकत असेल तर अजिबात सोडू नका, तसं अंडं कडकनाथ कोंबडीलाही अजून जमलेलं नाही.

आता मुख्य उपाय. गावरान घ्या. आमच्याकडे रविवारी सकाळी गेटवर टेम्पो येतो. पुठ्ठ्यावर ‘अस्सल गावरान’. एका अंड्याचे वीस रुपये. ट्रेवर थोडं गवत पसरलेलं, एखाद्या अंड्याला सुकलेली विष्ठा आणि त्यात चिकटलेलं बारीकसं पीस. हेच प्रमाणपत्र. दुसरा कागद मागायचा नाही. रांगेतल्या एकजात सगळ्यांना पटलेलं असतं की टरफल तपकिरी म्हणजे कोंबडी अंगणातली. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो हो! पिंजऱ्यातल्या कोंबड्याही तपकिरी अंडी देतात, हजारोंनी देतात. बलक केशरी दिसला की ‘बघा, बघा’ म्हणून फोटो टाकता, तो रंग खाद्यातून येतो, मका घाला नाहीतर झेंडूच्या पाकळ्या घाला. आणि जरा हिशेब करा. गावातली देशी कोंबडी वर्षाला 60-80 अंडी देते, मग खुडूक होऊन अंडी उबवत बसते, अंड्याला हात लावू देत नाही. टेम्पोत दर रविवारी दहा ट्रे, म्हणजे 300 अंडी. त्यासाठी दोनशेवर कोंबड्या लागतील, त्याही बारा महिने पाळीपाळीने खुडूक होणाऱ्या, आणि सगळ्यांची अंडी एकाच मापाची! मी एकदा विचारलं, “दादा, कोंबड्या कुठं असतात?” म्हणाला, “मुळशीकडं.” पुढच्या रविवारी म्हणाला, “भोरकडं.” कोंबड्यांची बदली झाली असेल. मागे रांगेतून आवाज आला, “काका, पुढे सरका ना, उगाच कशाला शंका?” शंका! ज्या बाईंनी कोपऱ्यावरच्या माणसाला ‘तुमच्या अंड्यात इंजेक्शन असतं’ असं तोंडावर सांगितलं होतं, त्या बाई मला शंका घेऊ नका म्हणतात.

आणि खरंच अंगणातली असली म्हणून काय? नेदरलँड्समध्ये 2025 साली तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने लोकांना घरच्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका असं सांगितलं, कारण त्यांत पीएफएएस नावाची न विरणारी रसायनं सापडली. तिथे निदान कुणी तपासलं तरी.

केक, मेयोनीज आणि रात्री अकराची भुर्जीची गाडी यांना मात्र काहीही विचारू नका, तिथली अंडी झाडाला लागतात.

बर्ड फ्लूच्या दिवसांतही हाफ फ्रायच मागवा. 70 अंशाला विषाणू मरतो ही माहिती स्वयंपाक करणाऱ्यांसाठी आहे, भिणाऱ्यांसाठी नाही.

यातून काय साधलं ते सांगतो. गेल्या आठवड्यात रात्री कोपऱ्यावर अंडी आणायला गेलो, तर ट्रे ठेवायच्या लाकडी मांडणीवर वेफर्सची पाकिटं लटकत होती. “बंद केलं, काका. तीन ट्रे आणतो, दोन नासतात.” हा माणूस अंडं दिव्यासमोर धरून बघून द्यायचा. तडा गेलेलं स्वतःहून बाजूला काढायचा. माल कोणत्या वारी उतरला ते विचारलं की सांगायचा. लिफ्टमध्ये हे सांगितलं तर उत्तर मिळालं, “बरंच झालं, बॉयलरचीच होती.”

काय बरं झालं? कुणाचं बरं झालं? तुम्हाला औषधांच्या अंशाची काळजी होती ना? मग अन्न व औषध प्रशासनाकडे एक तरी अर्ज केलात? आपल्या भागातल्या अंड्यांचे नमुने घेतले का, अहवाल कुठे आहे, हे कुणी विचारलं? आजारी कोंबडीला औषध पाजणारा माणूस पिंजऱ्याच्या फार्मवर असतो तसा मुळशीलाही असू शकतो, हे डोक्यात येत नाही? ज्याला पत्ता होता, ज्याला जाब विचारता आला असता, त्याला तुम्ही उठवलंत, आणि ज्याच्या टेम्पोचा नंबरसुद्धा कुणी टिपलेला नाही त्याला अडीचपट पैसे मोजताय. याला काळजी म्हणत नाहीत. घाबरटपणा आहे हा, आणि वर मिरवायची हौस.

आता मला सहा अंड्यांसाठी मॉलपर्यंत जावं लागतं. जाईन. पण रात्री नऊला ‘दोन अंडी आहेत का हो, केकला कमी पडली’ म्हणून माझी बेल वाजवू नका. रविवारपर्यंत थांबा, टेम्पो येईल.