सील न फोडता श्रीमंत व्हा

बोर्डगेमच्या एखाद्या मोठ्या कन्व्हेन्शनला जाऊन चार दिवस मनसोक्त खेळावं, असं काही खूळ तुमच्या डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. खेळायला काय, कोणीही खेळतं. तुम्ही तिथे जाणार आहात ते एका थोर लोकसेवेसाठी. ज्यांना रजा मिळाली नाही, ज्यांच्याकडे विमानाच्या तिकिटाला पैसे नाहीत, अशा अभागी जीवांपर्यंत ‘फक्त इथेच मिळेल’ असा शिक्का मारलेली वस्तू तुम्ही पोहोचवणार आहात. चौपट दराने. फुकट केलेल्या सेवेची लोकांना किंमत नसते.

आपल्या पूर्वसुरींना ही दृष्टी नव्हती, हे खेदाने सांगावं लागतं. गॅरी गायगॅक्स या खेळवेड्या गृहस्थांनी १९६८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात ५० डॉलर भाड्याने हॉल घेऊन ‘जेन कॉन’ हे खेळांचं कन्व्हेन्शन पहिल्यांदा भरवलं. शंभरेक माणसं आली आणि खेळत बसली. नुसती खेळत बसली! एकानेही चार डबे बगलेत मारून घरचा रस्ता धरला नाही. आज तोच जेन कॉन इंडियानापोलिसच्या अवाढव्य कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतो आणि २०२४ साली तिथे ७१ हजारांहून जास्त लोक आले. जर्मनीतल्या एसेनच्या ‘श्पील’ या बोर्डगेमच्या मेळ्याला त्याच वर्षी २ लाखांहून जास्त. एवढ्या गर्दीत खेळायला टेबल मिळणं मुश्कील, पण गिऱ्हाइकं पायलीला पन्नास.

पहिली पायरी रांगेची. बूथवर ‘माणशी एक’ अशी पाटी असेल. तिचा अर्थ नीट समजून घ्या. कंपनी तुम्हाला सांगते आहे की माणसं घेऊन या. बायको, मेहुणा, मेहुण्याचा मित्र, ज्याला फासा आणि साखरेचा खडा यातला फरक कळत नाही असा शेजारी, सगळे चालतील. प्रत्येकाच्या गळ्यात बॅज अडकवा आणि एकमेकांना ओळख दाखवू नका म्हणून बजावा. एखाद्या दुकानदाराशी घसट असेल तर सोन्याहून पिवळं. मांडामांडीसाठी विक्रेत्यांना दार उघडायच्या आधीच आत सोडतात आणि त्यांच्या गळ्यातला बॅज कोणाच्याही गळ्यात बसतो. बाहेर रात्रभर ताटकळलेली मंडळी आत येईपर्यंत तुमची पिशवी भरलेली असेल. त्यांच्याकडे बघून सहानुभूतीने मान हलवा. पुढे हेच तुमचे ग्राहक व्हायचे आहेत.

रांगेत पुढे एखादा मुलगा असेल आणि तो वडिलांना त्या खेळाचे नियम भडाभडा सांगत असेल. त्याच्याशी बोलणं टाळा. खेळ कशाबद्दल आहे हे एकदा कळलं की हात जड होतो.

रांगेत विकली जाते ती घाई, हे ज्याला उमगलं तो तरला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जेन कॉनला डिस्नेच्या पात्रांवरचा ‘लॉरकाना’ हा पत्त्यांचा खेळ पहिल्यांदा विक्रीला आला. लोक रात्रीपासून इमारतीबाहेर मुक्काम ठोकून होते. आणि गंमत बघा, हाच खेळ १८ ऑगस्टला, म्हणजे कन्व्हेन्शन संपल्यावर पुरते दोन आठवडेही उलटायच्या आत, गेमच्या साध्या दुकानांत येणार होता. तारीख जाहीर होती. तरीही ऑनलाइन भाव चढलेच. थांबायला जमत नाही, ही माणसाची खोड कोणत्याही भिंतीवरच्या कॅलेंडरने आजवर गेलेली नाही, आणि त्या मधल्या दिवसांचं भाडं वसूल करायला कोणीतरी हवंच.

त्याच जेन कॉनला दोघा जणांनी मात्र धंद्याची पार बदनामी केली. कन्व्हेन्शन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पत्त्यांची खोकी रचलेलं अख्खं पॅलेट ओढगाडीवर घालून त्यांनी सरळ बाहेर नेलं. माल सुमारे ३ लाख डॉलरचा, आणि कॅमेऱ्यात दोघेही दिसले. असले आततायी मार्ग आपले नव्हेत. आपण पावती घेतो. पावती असली की गोष्ट कायदेशीर होते आणि कायदेशीर असली की तिच्याबद्दल कोणी काही बोलू नये, असा आपला भाबडा आग्रह असतो.

आता माल कोणता उचलायचा? ज्याचा खेळात काडीचाही उपयोग नाही तो सर्वांत उत्तम. २०१३ च्या सॅन डिएगो कॉमिक-कॉन या कन्व्हेन्शनला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचा एक संच आला होता. पाच प्लेन्सवॉकर (म्हणजे त्या खेळातल्या बलाढ्य जादूगारांचे) पत्ते, काळ्यावर काळ्या रंगात छापलेले. नियमांच्या दृष्टीने हेच पाचही पत्ते त्या वर्षीच्या साध्या पाकिटांतून मिळत होते. फरक इतकाच, की साध्या पत्त्यावरचं चित्र दिसत होतं. हा संच पुढे शेकडो डॉलरला विकला गेला. दुसऱ्या वर्षी कंपनीने संचासोबत फोमची कुऱ्हाड दिली. ती ठेवायला डबा मोठा, डबा मोठा म्हणून टपालखर्च मोठा, आणि कुऱ्हाडीने खेळायचं म्हटलं तर डबा फोडावा लागतो. टपालखर्चात स्वतःचे चार पैसे मिसळायला इतकी छान सोय पुन्हा झाली नाही.

शत्रू ओळखून असा. आपला खरा शत्रू म्हणजे ग्राहकाचं ऐकणारी कंपनी. १९९४ साली अटलांटाच्या ड्रॅगन कॉनमध्ये ‘नलाथनी ड्रॅगन’ नावाचा मॅजिकचा पत्ता वाटला गेला. दुसरीकडे कुठेही न मिळणारा, नियमांनी खेळता येणारा पत्ता. कल्पना करा, केवढी संधी! पण घरी बसलेल्या खेळाडूंनी गिल्ला केला की आम्ही अटलांटाला राहत नाही यात आमचा काय दोष, आणि कंपनीने चक्क माघार घेतली. तोच पत्ता आपल्या ‘द ड्युएलिस्ट’ या नियतकालिकातून घरोघरी पाठवला. ज्याला हवा त्याला मिळाला, आणि ज्या वस्तूला हव्या त्या माणसाला मिळण्याचा रोग लागतो ती आपल्या कामातून जाते.

सुदैवाने कंपनी लवकरच ताळ्यावर आली. १९९५ मध्ये तिने जुने पत्ते ‘क्रॉनिकल्स’ नावाने पुन्हा छापले तेव्हा आपल्याच पंथाचे लोक चवताळून उठले. आमच्या कपाटातल्या पत्त्यांची किंमत घसरली, आता आम्ही तोंड कुठे दाखवायचं? १९९६ मध्ये कंपनीने ‘रिझर्व्ह्ड लिस्ट’ काढली. यादीतले पत्ते पुन्हा छापणार नाही, असं वचन. आज त्यातले कित्येक पत्ते इतके महाग आहेत की ज्या खेळासाठी ते काढले तो खेळ त्यांच्याशिवाय खेळावा लागतो. कंपनीने आपल्या माणसांशी कसं वागावं याचा हा वस्तुपाठ.

घरी आलात की दिवाणखान्यात ते डबे रचा. उघडू नका. तुमच्या मुलीने विचारलं की आत काय आहे, तर ‘भविष्य’ असं उत्तर द्या. एखादा कोपरा दबला असेल तर त्या रात्री झोप लागणार नाही, ते स्वाभाविक आहे. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यासाठी जीव कासावीस होणं हे या क्षेत्रात मुरल्याचं लक्षण समजतात.

सुटे पत्ते असतील तर ग्रेडिंगला पाठवा. पीएसएसारख्या कंपन्या पत्ता भिंगाखाली तपासतात, १ ते १० मध्ये गुण देतात आणि प्लास्टिकच्या कडक पेटीत कायमचा बंद करून परत करतात. आता तो पिसता येत नाही, हातात धरता येत नाही, टेबलावर टाकला तर खट्ट असा आवाज होतो. तो आता पत्ता राहिलाच नाही, मालमत्ता झाला. महामारीत लोकांनी इतकी पुठ्ठ्याची चिटोरी पाठवली की २०२१ च्या मार्चमध्ये पीएसएला बहुतेक सेवा काही काळ बंदच ठेवाव्या लागल्या. जग घरात कोंडून बसलं होतं, खेळायला वेळच वेळ होता, आणि खेळाचे पत्ते टपालात होते.

स्टिकरला मात्र कधी कमी लेखू नका. फंको कंपनीच्या मोठ्या डोक्याच्या बाहुल्या बघा. कन्व्हेन्शनमध्ये मिळणाऱ्या डब्यावर त्या कन्व्हेन्शनचं नाव असलेला स्टिकर, आणि तीच बाहुली त्याच वेळी दुकानांत गेली की त्यावर दुसरा, मोघम स्टिकर. बाहुली तीच. रंग तोच. निर्विकार नजरही तीच. तरी पहिल्या स्टिकरला जास्त पैसे पडतात, कारण तो सांगतो की कोणीतरी तिथे प्रत्यक्ष हजर होतं. घेणारा नव्हता, पण कोणीतरी होतं! एवढ्यावर त्याचं समाधान होतं. मग २०२३ मध्ये याच कंपनीने ३ ते ३.६ कोटी डॉलरचा न खपलेला माल नष्ट करायचं ठरवलं, कारण तो ठेवायला गोदामात जागा उरली नव्हती. अशा बातम्या ग्राहकाच्या नजरेला पडू देऊ नका. दुर्मिळ वस्तूचा डोंगर झाल्याचं ऐकून माणसं उगीच विचार करू लागतात.

ऑनलाइन जाहिरात लिहिताना लाज ही चैन आपल्याला परवडत नाही. ‘अतिदुर्मिळ’ हा शब्द हवाच, मग त्याच पानावर त्याच वस्तूच्या आणखी दोनशे अतिदुर्मिळ प्रती का असेनात. फोटो कंपनीचाच वापरा. ‘धूम्रपान न करणाऱ्या घरातून’ हे जरूर लिहा. चारित्र्याचा पुरावा म्हणून एवढं पुरतं. किंमत ठरवताना इतरांनी काय मागितलं आहे तेवढंच बघा. प्रत्यक्षात काय भावाने विकलं गेलं हे ईबेवर एका टिचकीत दिसतं, पण ती टिचकी मारायची नाही. मागितलेली किंमत हे स्वप्न आणि मिळालेली किंमत हा अपमान.

माल हातात यायच्या आधीच तो विकायला लावणारे महाभागही आहेत. कन्व्हेन्शन पुढच्या आठवड्यात, बूथ अजून उभा राहायचा आहे, आणि यांची जाहिरात मात्र लागलेली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, हे आपण लहानपणी हसण्यावारी नेलं. त्यात धंद्याची पद्धत दडली होती हे कोणी सांगितलंच नाही.

शिव्या पडतील. कोणी म्हणेल, तुमच्यामुळे खेळणाऱ्याला मिळत नाही. शांतपणे ‘मागणी आणि पुरवठा’ एवढंच म्हणा आणि पुढचं अर्थशास्त्र विचारायच्या आत विषय बदला. कोणी ॲम्स्टरडॅमचं उदाहरण काढेल. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या व्हॅन गॉग म्युझियमने पोकेमॉनसोबत उपक्रम केला. मुलांनी चित्रं नीट बघावीत म्हणून करड्या टोपीतल्या पिकाचूचा एक पत्ता भेट. थोड्याच दिवसांत आपल्या बांधवांनी म्युझियमच्या दुकानात अशी काही झुंबड उडवली की सुरक्षेसाठी तिथे पत्ता देणंच बंद करावं लागलं. यावर उत्तर सोपं आहे: इतकी माणसं म्युझियमकडे दुसऱ्या कोणी वळवली असती?

एक गोष्ट मात्र चुकूनही करायची नाही. हिशेब. बॅज, विमान, गावातल्या सगळ्या खोल्या भरल्यावर उरलेल्या हॉटेलचं चढं भाडं, मेहुण्याचं जेवण, ईबेचं साधारण १३ टक्क्यांच्या घरातलं कमिशन, बबल रॅप, आणि ‘कोपरा दबलेला आहे’ म्हणून परत आलेलं एक पार्सल. हे सगळं वजा केलं तर ताशी किती पडले असा आकडा निघतो. काही जणांनी तो काढला. ते आता बोर्डगेम खेळतात.

आणि कधीतरी तो दिवस उजाडतो. कंपनी जाहीर करते की मागच्या वर्षीची खास आवृत्ती लोकाग्रहास्तव पुन्हा छापत आहोत, सर्वत्र मिळेल, मूळ किमतीत. तुमच्या पलंगाखाली सील न फोडलेले चाळीस डबे असतात. अशा वेळी खचायचं नाही. बसून कंपनीला खरमरीत पत्र लिहायचं. विश्वासघात, बाजारूपणा, खेळाच्या परंपरेचा अपमान, हे सगळं आलं पाहिजे. नियमांचा एखादा उल्लेख घातला तर बरं दिसेल. तो कुठे सापडतो ते त्या रांगेतल्या मुलाला विचारा. आणि खाली सही करताना नावापुढे लिहा, ‘आपला एक निष्ठावंत खेळाडू’.