गंज परवडला

गंजलेल्या सुट्या भागांना घरी रंग देतोय म्हटलं की लोक विचारतात, "कुठला रंग?" अहो, रंग हे यातलं शेवटचं आणि सगळ्यात कमी डोक्याचं काम. खरं काम हवेचं, आणि हवा ती दाबून टाकीत भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या मर्जीवर.

मोटारसायकलचा स्टँड, कॅरिअर आणि काही ब्रॅकेट, एवढाच माझा संसार. सपाट भाग वायर ब्रशनं निघाला, पण वेल्डिंगच्या सांध्यांतला तांबेरा दाद देईना. म्हणून सँडब्लास्टिंग. जोरात दाणे मारून पृष्ठभाग खरवडायच्या या युक्तीचं पेटंट बेंजामिन टिल्घमन या अमेरिकनानं 1870 साली घेतलं. हवेचं काय ते मात्र त्यानं माझ्यावर सोडलं.

नावात 'सँड' असली तरी वाळू मारायची नाही. तिच्यातल्या सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसते, सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. म्हणून गार्नेट या कठीण खनिजाचे दाणे आणले. धूळ त्याचीही उडतेच, त्यामुळे मास्क, हूड, हातमोजे सगळं चढवलं. त्या अवतारात दारात उभा राहिलो तर बायको म्हणाली, "कोण हवंय आपल्याला?"

सुरुवात झोकात झाली. खटका दाबताच गंजाखालून नाण्याएवढं राखाडी, मऊसर लोखंड उघडं पडलं. बघतच राहावं असं. तेवढ्यात फवाऱ्यानं मान टाकली. टाकी 24 लिटरची आणि नोझलला मिनिटाला अडीचशे-तीनशे लिटर हवा लागते. दाब 8 बारवरून 5 वर यायला पाव मिनिट पुरतं. मग कॉम्प्रेसर धडधडत टाकी भरणार आणि मी हूडच्या आत घाम गाळत उभा. पाव मिनिट काम, बाकी ध्यानधारणा.

त्यात दाबलेली हवा गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. ते पाइपातून दाण्यांत उतरतं, दाण्यांचा चिखल होतो, नोझल तुंबतं. नोझल खोला, तारेनं टोचा, टाकीच्या तळाचा कॉक सोडून पाणी काढा. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "अरे, एव्हाना नवीन स्टँड आला असता." बोलणं बिनतोड होतं, म्हणूनच मी उत्तर दिलं नाही.

भाग स्वच्छ झाला की सुटलो असं वाटतं, पण घाई तिथूनच सुरू होते. उघडं लोखंड दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस पडायला लागतं. घामट बोट लागलं तर ठसासुद्धा गंजून उमटतो. म्हणून त्याच दिवशी थिनरनं पुसायचं, आट्यांना मास्किंग टेप लावायची आणि प्रायमर मारायचा. मी टेप फाडत असताना काका कौतुकानं आत आले आणि "वा, काय निघालाय!" म्हणत त्यांनी स्टँड उचलला. उघड्या हातांनी. पाची बोटं नीट टेकवून.

पुन्हा थिनर, पुन्हा पुसणं. मग प्रायमर, आणि मग एकदाचा रंग. वीतभर अंतरावरून, पातळ हात, मध्ये सुकू द्यायचा. शेवटच्या हाताला मात्र 'अजून थोडा' असा मोह होतोच, आणि कॅरिअरच्या नळीवरून जाडसर ओघळ संथपणे खाली निघतो. तो पुसायचा नाही. कडक सुकू द्यायचा, ओल्या पॉलिश पेपरनं घासायचा आणि परत हात द्यायचा.

मी ओघळ घासत बसलो होतो तेव्हा कुंपणापाशी खडखडाट झाला. काकांनी गंजलेल्या चार लोखंडी खुर्च्या आणून मांडल्या होत्या.

"तुझं यंत्र लावलेलंच आहे ना?"