एकाच नावाचे तीन पाटील

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत्याला हळदीच्या लॉटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करून देतो म्हणालो, तेव्हा वाटलं होतं रविवारपर्यंत उरकेल. पण जावा या प्रोग्रॅमिंग भाषेनं 1998 साली कलेक्शन्सचा, म्हणजे नोंदी ठेवायच्या तयार साच्यांचा, संसार थाटला आणि 2004 साली त्यावर जेनेरिक्सचे, म्हणजे साच्यात कुठल्या प्रकारची नोंद जाईल ते सांगणारे, कोनी कंस चढवले. त्यात शिरलेल्या माणसाला रविवार कुठला आणि पाडवा कुठला!

अ‍ॅरेलिस्ट (ओळीनं नंबर लावलेले खण) की लिंक्डलिस्ट (साखळीनं जोडलेल्या नोंदी), यातच दोन संध्याकाळी गेल्या. लॉट दिवसाला चाळीस. पाटीवर खडूनं लिहिले असते तरी चाललं असतं. शेवटी आठवलं, लिंक्डलिस्ट लिहिणारे जोशुआ ब्लॉक स्वतःच ‘मी ती कधी वापरत नाही’ असं जाहीर सांगून मोकळे झालेत. आचारीच जेवत नाही, तिथं आपण कशाला पान मांडा?

शिवाय हिशेब नावावरून शोधायचा, म्हणजे मॅप हवा: ‘की’, म्हणजे शोधायची खूण, दिल्यावर तिची नोंद काढून देणारा साचा. हॅशमॅप घेतला. घरी 1 ते 10 आकडे घातले, ओळीनं बाहेर आले. छाती फुगली. खरं तर हॅशमॅप प्रत्येक ‘की’चा हॅश, म्हणजे खण ठरवणारा आकडा, काढतो; लहान आकड्याचा हॅश म्हणजे तोच आकडा आणि मॅप सुरुवातीला 16 खणांचा, म्हणून ती शिस्त दिसली. दुकानात नावं घातली, तर यादी भडंगासारखी कालवलेली. पहाटे पहिला टेम्पो लावलेले काका सतराव्या नंबरावर. “ओ साहेब, आमचा लॉट आधी आलाय न्हवं?”

ट्रीमॅप लावला. सगळे अकारविल्हे उभे. आवट्यांची चंगळ, हजारे कायमचे शेपटाला. सौदा म्हणजे काय शाळेची हजेरी?

रात्री लिंक्डहॅशमॅप सापडला. नावावरून शोधतो आणि आल्याचा क्रमही राखतो! आनंदानं अर्धा किलो भडंग आणलं.

सकाळी मालक म्हणाले, “पाटलांची पोती कमी दिसत्यात.”

एकाच नावाचे तीन पाटील आले होते. मॅपमध्ये तीच ‘की’ पुन्हा घातली, तर आधीची नोंद गुपचूप पुसली जाते. ना एरर, ना हाक. सांगली जिल्ह्यात राहून नावाची ‘की’ करणारा बहाद्दर मीच.

मालकांनी गादीखालून लाल वही काढली आणि पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. “लॉट नंबर घाला की ओ. नावानं कोण शोधतंय?”

घातला. 1 ते 40, ओळीनं. मग पहिल्या संध्याकाळचं अ‍ॅरेलिस्टसुद्धा पुरलं असतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.