मामा, ते तेल आधी डब्यात परत ओता

परवा रात्री साडेनऊला मामांचा फोन. “करडईचं तेल चालेल का, का तिळाचंच पाहिजे?” मला वाटलं मामींचा गुडघा धरला असेल. तर नाही. त्यांची वरातीची घोडी दोन दिवस खिंकाळली नव्हती, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका ‘रामबाण’ मेसेजप्रमाणे तिच्या नाकात अर्धी वाटी कोमट तेल-हळद सोडायची तयारी झाली होती. हाच मेसेज आमच्या भावकीच्या ग्रुपवर तिघांनी टाकलाय. म्हणून एकदाच लिहितो.

मेसेज म्हणतो, घोड्याचा आवाज बसतो तो गार पाण्याने. उपाय काय, तर नाकातून तेल, तोंडात हात घालून घसा साफ करणे, गळ्याला शेक, चंदीतली, म्हणजे घोड्याच्या खुराकातली, डाळ बंद, आणि घाम फुटेपर्यंत पळवणे. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

मी पशुवैद्यक आहे खरा, पण आमच्याकडे म्हशी जास्त, घोडा वर्षाला एखादा. म्हणून ‘मर्क व्हेटर्नरी मॅन्युअल’ हा पशुवैद्यकांचा संदर्भग्रंथ उघडून बसलो. घोड्याचा स्वरयंत्राचा लकवा कशाकशाने होतो त्याची त्यात लांब यादी आहे. गार पाणी तीत नाही.

आता तेल. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेताच येत नाही. म्हणजे तेल ओतायचं ते त्याच्या श्वासाच्या एकुलत्या एक वाटेत. बरं, आवाज जिथून निघतो ते स्वरयंत्र फुफ्फुसाचं दारही आहे; गिळताना ते मिटतं. आवाज गेलाय याचा अर्थ बऱ्याचदा ते दारच ढिलं पडलंय. त्यावर तेल सोडलं की ते सरळ छातीत. तेल बुळबुळीत, ठसकाही धड लागत नाही, त्यामुळे मालकाला वाटतं, वा, शहाण्यासारखं प्यायली. पुढे न्यूमोनिया, आणि तेलाचा न्यूमोनिया औषधाला दाद देत नाही. बाटलीने काढा पाजणाऱ्यांनीही हे वाचावं.

तोंडात हात घालायचा सल्ला तर वाचूनच अंगावर काटा आला. आवाज बदललाय, गिळता येत नाही, लाळ गळतेय, अशा जनावरात पहिला संशय रेबीजचा घ्यायचा. घोड्यालाही पिसाळलेलं कुत्रं चावतं. हातावर एखादं खरचटलेलं असेल आणि लाळ लागली, तर घोडी राहिली बाजूला, तुम्हीच इंजेक्शनांच्या रांगेत. आणि लक्षणं दिसायला लागल्यावर माणूसही वाचत नाही.

पळवणं? डाव्या बाजूची स्वरयंत्राची नस मेंदूतून निघून छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या धमनीला वळसा घालून परत घशाशी येते. एवढी लांब नस, उंच घोड्यांत ती कमजोर पडते, आणि पळताना श्वासाचा घर्रघर्र आवाज येतो. अशाला पळवून मोकळं काय होणार? दमच कोंडणार. मानेच्या शिरेत घरगुती हाताने दिलेलं इंजेक्शन शिरेबाहेर सांडलं तरी हीच नस दुखावते, हेही मर्कमध्येच आहे.

डाळीचं मात्र, नाइलाजाने, थोडं खरं आहे. हरभऱ्याचं नाही, लाखेचं. विदर्भात जिला लाखोळी म्हणतात ती. हीच खाऊन माणसांचे पाय लुळे पडतात म्हणून 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती. घोड्याला ती आठवडेच्या आठवडे घातली तर मागचे पाय जातात आणि घसाही. पण मेसेजवाल्याला हे ठाऊक नव्हतं; त्याच्या लेखी डाळ ‘उष्ण’ पडते.

आणि शेक. तोही चालतो, एका आजारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. घोडीने मला बघून कान टवकारले, नाकपुड्या फुगवल्या, पोट आत ओढलं, आणि बाहेर आली नुसती फस्स अशी हवा. ताप होता. जबड्याखाली हात फिरवला तर लिंबाएवढी गरम गाठ. नाकातून घट्ट पू. बहुधा स्ट्रँगल्स, घोड्यांचा घशाच्या गाठींचा संसर्गजन्य आजार. गाठ सुजून घसा दाबते, पू घशामागच्या पिशव्यांत उतरतो, आणि स्वरयंत्राच्या नसा तिथूनच जातात. गाठ पिकायला शेक बरा. पण नाकात पू म्हटल्यावर ग्लँडर्स हा घोड्यांचा दुसरा जिवाणूंचा रोगही डोक्यात ठेवावा लागतो. तो माणसाला होतो, 2006 मध्ये महाराष्ट्रात निघाला होता. म्हणून रक्त घेतलंय, ते हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जाईल. तोवर घोडी वेगळी, तिची बादली वेगळी, आणि तिचं करणाऱ्याने हातमोजे, तोंडाला फडकं.

मामा अजून विचारतायत, सोळा तारखेच्या वरातीला नेऊ का, तोवर गाठ फुटेलच की. नाही. रक्ताचा निकाल चांगला आला तरी नाही. गाठ फुटून घोडी बरी दिसली तरी कित्येक आठवडे नाकातून जंतू सांडत राहतात, आणि वरातीत शेजारी दुसऱ्याची घोडी उभी असते.