आफ्टरटच म्हणजे पैसे पाण्यात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा झोंबली. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा बरीचशी पटली.

मागच्या लेखात मी ठणकावून लिहिलं होतं की आफ्टरटच (सूर लागल्यावर पट्टी आणखी दाबली तर तो दाबही मोजून पाठवण्याची सोय) नसलेला कीबोर्ड घेऊच नका. त्यावर तुम्ही म्हणता: तुमचं ऐकून जास्तीचे पैसे मोजले. पियानोत काडीचा फरक नाही, स्ट्रिंग्जमध्ये (व्हायोलिनसारख्या गजाच्या वाद्यांच्या आवाजात) नाही, आणि पॅड (सिंथचा लांब, पसरट आवाज) वाजवताना एक बोट दाबलं की अख्खा कॉर्ड, म्हणजे एकत्र धरलेले सगळे सूर, थरथरतो. हे काम मॉड व्हील (कीबोर्डवरचं हाताने फिरवायचं चाक) करतंच. वर रेकॉर्डिंगमध्ये आकड्यांचा नुसता कचरा. विकून टाकू का?

पियानोचं आधी संपवतो. खऱ्या पियानोत हातोडी तारेवर आपटून सुटली की पट्टी कितीही दाबा, तारेला त्याचा पत्ता नसतो. मग सॉफ्टवेअरमधल्या पियानोने तरी का ऐकावं? (क्लॅव्हिकॉर्डमध्ये पट्टीच्या टोकाची धातूची पात तारेला टेकूनच राहते, म्हणून तिथे दाब वाढवला की सूर किंचित चढतो. आफ्टरटचचा हा खरा पूर्वज.)

कॉर्ड थरथरण्याचं मात्र नीट सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. चूक कबूल. तुमच्या कीबोर्डात सगळ्या पट्ट्यांखाली मिळून दाब मोजणारा एकच सेन्सर आहे. कोणतंही बोट दाबा, 0 ते 127 मधला एकच आकडा अख्ख्या चॅनेलसाठी, म्हणजे त्या आवाजात वाजणाऱ्या सगळ्या सुरांसाठी, जातो. पेटीचा भाता आठवा. भात्याचा दाब वाढवला की उघडे असलेले सगळेच सूर मोठे होतात, एकट्या पंचमाला वेगळी हवा देता येत नाही. हा झाला चॅनेल आफ्टरटच. प्रत्येक पट्टीचा दाब वेगळा पाठवणारा तो पॉलिफोनिक. यामाहाच्या 1977 सालच्या सीएस-80 या सिंथेसायझरवर तो होता, संगीतकार व्हँजेलिसचे ते हलत-डुलत जाणारे सूर त्यातलेच. आजही तो मोजक्याच कीबोर्डांवर मिळतो. तुमच्याकडे तो नसला तरी साधा तोडगा आहे: डाव्या हाताचा पॅड वेगळ्या चॅनेलवर टाका आणि त्या पॅचमधला (त्या आवाजाच्या सेटिंगमधला) आफ्टरटच बंद करा. मग उजव्या हाताने हवं तेवढं दाबा.

आता स्ट्रिंग्ज. इथे तुमचं व्हील जिंकतं, आणि कारण गमतीचं आहे. स्ट्रिंग्जच्या बहुतेक लायब्ररींमध्ये (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या संग्रहांमध्ये) हळू आणि जोरात वाजवलेले नमुने मॉड व्हीलला बांधलेले असतात. आफ्टरटचचा आकडा येतो, पण त्याला कुठे जोडलेलंच नसतं. मी एकदा हट्टाने तो जोडून पाहिला. प्रत्येक सूर अगदी बारीक आवाजात सुरू होऊन फुगायला लागला, कारण बोट उचललं की आकडा शून्यावर येतो. सलग ओढलेल्या गजाऐवजी पेटीचा भाता ऐकू यायला लागला. व्हील जिथे ठेवाल तिथे राहतं, म्हणून लांब वाक्याला तेच बरं.

मग आफ्टरटच कशाला? जिथे सूर लागल्यावर त्याचं काहीतरी करायचं असतं आणि डावा हात मोकळा नसतो तिथे. बासरीच्या पॅचमध्ये मी तो पिचला, म्हणजे सुराच्या उंचीला, जोडतो. आकडा शून्यापासून वरच जातो, त्यामुळे सूर चढवता येतो, उतरवता येत नाही. सतारीची तार खेचतात तसंच हे: खालच्या पडद्यावर धरायचं आणि वर ओढायचं. कोमल गंधार हवा असेल तर रिषभावर बोट ठेवून दाबायचं, सोडलं की परत रिषभ. रेंज मात्र एका सेमीटोनचीच (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराएवढी) ठेवा. एका सेमीटोनला 127 पायऱ्या म्हणजे एका सेंटपेक्षाही (सेमीटोनच्या शंभराव्या भागापेक्षाही) कमीची पायरी, ती कानाला कळत नाही. हौसेने पूर्ण सप्तकाची रेंज दिलीत तर प्रत्येक पायरी नऊ सेंटांच्या वर जाते आणि मींडेऐवजी जिना ऐकू येतो.

कचऱ्याबद्दल: कीबोर्डचे संदेश नेणाऱ्या जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलवरून चॅनेल आफ्टरटचचा एक संदेश जायला पाऊण मिलिसेकंदही लागत नाही, पण हजारोंनी आले तर ती वाट तुंबू शकायची. यूएसबीवर ती चिंता सोडा. खरा त्रास वेगळाच असतो. मागे एका रेकॉर्डिंगमध्ये मी क्लिप मधेच कापली आणि दाब 90 वर असतानाच ती संपली. पुढच्या तुकड्यात कोणी काही दाबत नसताना बासरी चढीच वाजत होती. अर्धा तास मी प्लगइनला शिव्या घालत बसलो होतो. कापलेल्या क्लिपच्या शेवटी शून्याचा एक ठिपका टाकला की झालं.

आता विकण्याचं. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये आफ्टरटचची लेन (दाबाचे आकडे रेघेत दाखवणारा पट्टा) उघडा, एक पट्टी हळूहळू दाबत जा आणि रेघ बघा. शून्यावरून एकदम 70-80 ला उडी मारत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये दाबाचा कर्व्ह बदलून पुन्हा करा. रेघ चढणीसारखी आली तर महिनाभर बासरी किंवा सिंथ लीड वाजवून बघा. कर्व्ह बदलूनही उडीच मारत असेल, किंवा तुमचं नव्वद टक्के वाजवणं पियानोच असेल, तर खुशाल विका. माझा लेख मी आज दुरुस्त करतोय. 'घेऊच नका' हे वाक्य काढलंय.