स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता

लोअर परळ, करी रोड, प्रभादेवी, परळ, चिंचपोकळी. आणि पाय जरा उचलले तर दादर. पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही लाइनी आमच्या हाताशी आहेत आणि वरळीच्या बाजूला आता भुयारी मेट्रोही आली आहे. गाडी नसली तरी काही अडत नाही, असा हा भाग. तरीही मुंबईच्या या जुन्या कापडगिरण्यांच्या भागात, म्हणजे गिरणगावात, राहण्यातली सगळ्यात वाईट गोष्ट कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी स्टेशन ते घर हा रस्ता सांगेन.

आधी एक स्पष्ट करते, कारण अशा पोस्टवर लगेच ‘जुनी चाळच बरी होती’ म्हणणारे येतात. मी पुनर्विकासाच्या बाजूची आहे. आमची चाळ पाडली, आम्ही ट्रान्झिटच्या तात्पुरत्या घरात वर्षं काढली, भाडं थकलं म्हणून बिल्डरच्या ऑफिसात चकरा मारल्या आणि शेवटी जुन्या भाडेकरूंसाठीच्या रिहॅब इमारतीत घर मिळालं. घरात स्वतःचा संडास आहे. रात्री-अपरात्री बादली घेऊन गॅलरीच्या टोकाला जाणं संपलं. याची किंमत काय, ते चाळीत बाळंतपण काढलेल्या कुठल्याही बाईला विचारा. सरकारी बीडीडी चाळींत लोकांनी 160 चौरस फुटांत तीन-तीन पिढ्या काढल्या. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा टीव्हीसमोर बसून मी रडले. तो आनंद खरा आहे आणि त्यावर कुणी नाक मुरडू नये.

माझं भांडण दारातून बाहेर पाऊल टाकल्यावर सुरू होतं.

प्रभादेवीला उतरून सकाळी नऊच्या सुमारास बाहेर पडून बघा. जिन्याखालीच फुटपाथ संपतो. पुढे मेट्रोचे उरलेले पत्रे, टपरी, टॅक्सीची रांग, आणि टॉवरच्या गेटपाशी फुटपाथ उताराचा केलेला, कारण गाडी सुखाने आत गेली पाहिजे. कॉर्पोरेट पार्कात जाणारी हजारो माणसं गाड्यांच्या मधून अंग चोरत चालतात. त्यात केईएम, टाटा, वाडिया या हॉस्पिटलांना निघालेले लोक. एक्स-रेची पिशवी छातीशी धरलेला, दोन दिवसांच्या प्रवासाने सुकलेला माणूस ‘ताई, केईएमला कुठून जायचं?’ विचारतो. त्याच्यामागे त्याची बायको, पदराने तोंड दाबून. त्यांना मी जिने चढून, पूल ओलांडून पलीकडे उतरायला सांगते आणि सांगतानाच मला लाज वाटते. देशभरातून माणसं जिथे उपचाराला येतात, त्या भागातून आजारी माणसाला धड चालता येईल असा एक रस्ता आपण ठेवलेला नाही.

हे आपोआप झालेलं नाही. गिरण्या होत्या तेव्हाही भिंती होत्याच. भल्यामोठ्या आवाराला उंच कुंपण, दोन आवारांच्या मधून गल्ली, आणि भोंगा झाला की त्या गल्लीतून माणसांचा लोंढा. माझे सासरे त्याच लोंढ्यातले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या अनेकांसाठी गिरणीचं गेट पुन्हा कधी उघडलंच नाही. मागे उरली सुमारे 600 एकर जमीन, तीही ऐन शहराच्या पोटात. अशी संधी मुंबईला परत मिळणार नव्हती.

1991 च्या नियमात त्या जमिनीचे तीन वाटे होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला, एक मालकाला. 1996 मध्ये सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्यांनी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार केला आणि परळ आणि एल्फिन्स्टन (म्हणजे आताचं प्रभादेवी) स्टेशनांलगत मोठा मोकळा चौक सुचवला, म्हणजे गाडीतून उतरलेल्या माणसांना उभं राहायला, पांगायला जागा. तो कागदावरच राहिला. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटे फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचे करायचे ठरले. गिरणीच्या शेडखालची जमीन हिशेबातून बाहेर गेली. उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयात 2006 मध्ये फिरला. त्यानंतर प्रत्येक मालकाने आपापल्या कुंपणाच्या आत मॉल, ऑफिसं, टॉवर उभे केले. कुंपणाबाहेरच्या गल्ल्या मात्र भोंग्याच्या काळातल्याच.

29 सप्टेंबर 2017. दसऱ्याचा आदला दिवस. पाऊस आला म्हणून माणसं एल्फिन्स्टन स्टेशनच्या अरुंद पादचारी पुलावर थांबली, मागून लोकलमधून उतरणारी गर्दी येत राहिली आणि चेंगराचेंगरीत 23 जण गेले. त्या सकाळी आमच्या मजल्यावर प्रत्येक घरातून कुणाला ना कुणाला फोन लागत नव्हता. पुढे लष्कर आलं आणि 2018 च्या फेब्रुवारीत नवा पादचारी पूल सुरू झाला. म्हणजे मनात आणलं तर काही महिन्यांत होतं! त्याच वर्षी जुलैमध्ये लोअर परळचा रुळांवरून जाणारा डिलाइल रस्त्याचा पूल बंद केला, तो पूर्ण सुरू व्हायला 2023 चा नोव्हेंबर उजाडला. आता 2025 च्या सप्टेंबरपासून एल्फिन्स्टनचा शंभरी ओलांडलेला रस्त्याचा पूलही पाडकामासाठी बंद. त्याच्या जागी शिवडी-वरळी मार्गासाठी दुमजली पूल व्हायचा आहे. अटल सेतूवरून येणाऱ्या गाड्यांना वरळीला वेळेत पोचायचंय, ते समजतं. पण माझ्या सासूबाईंना गुडघ्याच्या तपासणीसाठी केईएमला न्यायचं तर काय करायचं, हे पूल बंद करण्याआधी कुणी बसून ठरवायला नको होतं का? टॅक्सीवाला वळसा ऐकूनच मान हलवतो. रेल्वेच्या पुलाचे जिने त्यांना चढवत नाहीत.

याच शहरात ‘सार्वजनिक पार्किंग बांधून द्या आणि जादा एफएसआय (म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी) घ्या’ अशी योजना होती. लोअर परळच्या आसपास अनेक टॉवरांनी ती घेतली, मजलेच्या मजले गाड्यांसाठी उभे राहिले. स्टेशनपासून आपल्या आवारातून लोकांना चालायला वाट द्या, तिला गेट लावू नका आणि त्याबदल्यात काही घ्या, असं कुणाला का सुचलं नाही? दोन आवारांमधली एक भिंत काढली तरी शेकडो माणसांचा रोजचा हेलपाटा वाचेल, अशा जागा मी बोट दाखवून सांगू शकते. आमच्या सोसायटीनेही मागचं फाटक उघडायला नकार दिला आहे, ‘बाहेरची माणसं येतील’ म्हणून. अरे, कालपर्यंत आपण सगळे एका गॅलरीत दारं उघडी टाकून झोपत होतो!

पुढच्या काही वर्षांत ना. म. जोशी मार्ग आणि नायगावच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर भरतील. हजारो घरं, आणि ती सगळी माणसं याच स्टेशनांवर येणार. रस्ता तोच, पूल तेच. दुमजली पुलाच्या कामात पायी माणसांचा रुंद, छपराचा मार्ग आणि दोन्ही टोकांना लिफ्ट आधी झाली पाहिजे, गाड्यांचे मजले नंतर. यासाठी महापालिकेच्या जी-दक्षिण आणि एफ-दक्षिण या दोन्ही वॉर्डांत मी अर्ज करणार आहे. लालबाग, परळ, प्रभादेवी, करी रोडकडचे जे कोणी वाचत असतील, त्यांनी आपली रोजची अडलेली जागा फोटोसकट खाली टाका. कुठली भिंत, कुठलं गेट, कुठला मोडका जिना, नीट लिहा. सगळं अर्जाला जोडते.